‘मास्टर’चं ‘मेन’ केलं आणि म्हणे जगभरचा कोड मोडला

एक मेसेज परत फिरायला लागलाय, त्याचा सारांश असा: 2020 मध्ये अमेरिकेतलं राजकारण ओपन सोर्समध्ये (कोड सगळ्यांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये) घुसलं, मास्टर, स्लेव्ह (मुख्य सर्व्हर आणि त्याच्या मागे चालणारी त्याची कॉपी), ब्लॅकलिस्ट (मनाई केलेल्यांची यादी) हे शब्द जबरदस्तीनं काढायला लावले, चालू कोड मोडला आणि फायदा शून्य. माझ्याकडे तीन ग्रुपवरून आलाय, म्हणून लिहितोय.

पहिलं, 2020. जॅंगो या वेबसाइट बनवायच्या फ्रेमवर्कनं मास्टर-स्लेव्ह 2014 मध्येच काढलं होतं, आधी लीडर-फॉलोअर केलं, मग प्रायमरी-रेप्लिकावर आले. द्रुपल या वेबसाइट चालवायच्या सॉफ्टवेअरनंही त्याच वर्षी बदललं. पायथन ही प्रोग्रामिंग भाषा आणि रेडिस हा डेटाबेस, दोघांनी 2018 मध्ये. 2020 मध्ये गर्दी झाली हे खरं, पण सुरुवात तिथली नाही.

‘चालू कोड मोडला.’ इथे जरा थांबू, कारण मेसेज लिहिणाऱ्यानं रेडिस उघडून बघितलेलं दिसत नाही. रेडिस 5 मध्ये ‘रेप्लिकाऑफ’ ही नवी कमांड आली, पण जुनी ‘स्लेव्हऑफ’ आजही चालते, आणि ‘इन्फो रेप्लिकेशन’ मारून बघा, आउटपुटमध्ये अजूनही ‘कनेक्टेड स्लेव्हज’ असंच येतं, कारण ते वाचणारी लोकांची मॉनिटरिंगची स्क्रिप्टं पडायला नकोत. लिनक्स कर्नेलनं (लिनक्सच्या गाभ्यानं) जुलै 2020 मध्ये कोडिंग स्टाइलमध्ये नियम घातला तो नव्या वापरासाठी, युजरस्पेसचा एपीआय (बाहेरचे प्रोग्राम कर्नेलशी ज्या ठरलेल्या नावांनी बोलतात तो) टिकवायचा असेल किंवा हार्डवेअरच्या, प्रोटोकॉलच्या जुन्या स्पेकमध्येच तो शब्द असेल तर सूट आहे असं तिथेच लिहिलंय. गिटहब या कोड ठेवायच्या साइटनं 1 ऑक्टोबर 2020 पासून मुख्य ब्रँचचं (कोडच्या मुख्य शाखेचं) आपोआप मिळणारं नाव ‘मास्टर’ऐवजी ‘मेन’ केलं ते नव्या रेपोंना (प्रोजेक्टच्या कोडसाठ्यांना), तुमच्या जुन्या रेपोला कुणी हात लावला नाही.

आता मोडलंच नाही असं म्हणणार नाही. कुबरनेटीस (अनेक सर्व्हरवर प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) 1.24 मध्ये कुबेएडीएम या त्याच्या सेटअपच्या टूलनं कंट्रोल प्लेन नोडवर (सगळ्यांना चालवणाऱ्या सर्व्हरवर) ‘मास्टर’ लेबल लावणं बंद केलं आणि ज्यांच्या यॅमलमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये) नोड सिलेक्टरला, म्हणजे सर्व्हर निवडायच्या अटीला, तेच लेबल होतं त्यांचे पॉड (चालवायचे प्रोग्राम) सर्व्हर न मिळाल्यानं पेंडिंगमध्ये बसले (चार व्हर्जन आधीपासून वॉर्निंग होती, पण रिलीज नोट्स वाचतं कोण). मी स्वतः एका रेपोत ब्रँचचं नाव बदललं आणि सीआयच्या (कोड आपोआप बिल्ड करून तपासणाऱ्या यंत्रणेच्या) फाइलमध्ये ट्रिगर ‘मास्टर’च राहिला. एरर नाही, लाल फुली नाही, काहीच नाही, बिल्ड नुसतं सुरूच होईना आणि दोन दिवस मी खूश, की वा, काही फुटत नाहीये! चूक माझी, ग्रेप मारायचा (जुनं नाव सगळ्या फाइलींत शोधायचा) कंटाळा केला. फंक्शनचं नाव बदलतानाही हेच होतं, म्हणून कुणी रिनेम करायचं सोडत नाही.

‘गिटमधल्या (गिटहबच्या मागच्या, कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या) मास्टरला स्लेव्ह कुठेय?’ असंही विचारतात. बरोबर आहे, गिटमध्ये स्लेव्ह ब्रँच नसते, माझ्या मते तो बदल सगळ्यात कमी गरजेचा होता. पण तेवढ्यावरून डेटाबेसमधली मालक-गुलामाची जोडीही निरुपद्रवी ठरत नाही, तिथे दोन्ही शब्द शेजारी शेजारी आहेत आणि अर्थ तोच आहे.

राहिला फायदा. वर्णद्वेष संपेल असं कुणी म्हटलेलं मी तरी वाचलं नाही. पण ब्लॅकलिस्ट म्हणजे काय हे मला कधीतरी शिकावं लागलं होतं, अलाउलिस्ट आणि डिनायलिस्ट नुसते वाचून कळतात. रेप्लिका म्हटलं की डेटाची कॉपी आहे हे नावातच आलं, स्लेव्ह म्हटल्यावर ते कळत नव्हतं. आणि ज्यांच्या पणजोबांना त्याच शब्दानं विकलं गेलं त्यांना तो रोज टाइप करताना काय वाटतं हे मी कसं ठरवू, आणि तो मेसेज फॉरवर्ड करणारा तरी कसा ठरवतो?