‘लाज वाटली नाही का?’ या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘कोविडमध्ये राबलेल्या नर्सेसना संसर्ग कसा होतो हेच नीट माहीत नव्हतं, असं लिहिताना लाज वाटली नाही का? माझ्या आईनं पीपीई किट नव्हतं तेव्हा रेनकोट घालून ड्युटी केली. आणि असलं संकट आधी कोणी पाहिलं होतं?’ असं तुम्ही विचारलंय.

रेनकोटाचं अगदी खरं आहे. २०२०च्या एप्रिलमध्ये आम्हीही तेच घातले. माझ्या लेखात एका ठिकाणी ‘निष्काळजीपणा’ असा शब्द गेला होता, तो चुकीचा होता. आज काढला. तुमच्या आईची मनापासून माफी मागते.

मूळ मुद्दा मात्र सोडत नाही. मी तीस वर्षं सिस्टर होते, हात धुण्याच्या पायऱ्या झोपेतही सांगेन. तरी किट आलं तेव्हा ते घालायचं कसं एवढंच आम्हाला दाखवलं. काढायचं कसं, हे कोणी दाखवलं नाही, आणि धोका तिथेच जास्त असतो. सहा तास पाण्याचा घोट नाही, बाथरूमला जाणं नाही, अंग घामानं निथळतंय. अशा वेळी माणूस ते अक्षरशः ओरबाडून काढतो. बाहेरची बाजू कपड्यांना लागते आणि तोच हात घाम पुसायला तोंडाकडे जातो. आधी ग्लोव्ह्ज, मग आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत गाऊन, अधूनमधून हात स्वच्छ करायचे, आणि मास्क सगळ्यात शेवटी, वॉर्डाबाहेर आल्यावर. हे भिंतीवरच्या कागदावरून अंगवळणी पडत नाही. समोर कोणीतरी उभं राहून ‘सिस्टर, थांबा, आधी हात’ असं म्हणावं लागतं. आमच्याकडे तो कागदही इंग्रजीत होता. वॉर्डातल्या मामा-मावश्यांनी, म्हणजे वॉर्डबॉय आणि आयांनी, तो कसा वाचायचा?

एका मावशीनं मला विचारलं होतं, ‘सिस्टर, हायपोनं फरशी पुसली की झालं ना?’ हायपो म्हणजे फरशी निर्जंतुक करायचं द्रावण. तिला काय बोलणार? आम्हीही दारांच्या कड्या पुसण्यातच गुंतलो होतो. २८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं हा आजार हवेतून पसरत नाही असं जाहीर सांगितलं होतं. कोंदट खोलीतल्या हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांतूनही तो पसरतो, हे त्यांच्या संकेतस्थळावर स्पष्ट शब्दांत यायला २०२१चा एप्रिल संपत आला. तोवर आम्ही वॉर्डात मास्क घट्ट बांधायचो आणि डबा खायला खिडकी नसलेल्या चेंजिंग रूममध्ये मास्क काढून गुडघ्याला गुडघा लावून बसायचो. एकाच आठवड्यात आमच्या चौघी पॉझिटिव्ह आल्या. त्यांना लागण नक्की कुठे झाली ते मला सांगता येणार नाही, पण चौघी रोज तिथेच जेवत होत्या. लेखातला ‘डब्याची खोली’ हा परिच्छेद त्यांच्यावर ठपका ठेवायला लिहिलेला नाही. ती खोली त्यांना कोणी दिली, हे मला विचारायचं होतं.

आता ‘आधी कोणी पाहिलं होतं’ याबद्दल. २००३च्या सार्समध्ये, म्हणजे कोविडसारख्याच श्वसनाच्या आजाराच्या साथीत, जगभरात ८,०९६ रुग्ण नोंदले गेले, त्यांत सुमारे १,७०० आरोग्य कर्मचारी होते. २००१मध्ये पश्चिम बंगालमधल्या सिलिगुडीत निपाह हा जीवघेणा विषाणू आला, तेव्हा बहुतेकांना लागण रुग्णालयातच झाली. कर्मचारी किंवा भेटायला आलेली माणसं. २०१८मध्ये केरळातल्या पेरांब्राच्या लिनी सिस्टर निपाहनंच गेल्या. त्यांनी ज्या रुग्णाची सेवा केली, त्याला निपाह आहे हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. म्हणूनच रिपोर्ट येण्याआधी, साधा ताप-खोकला घेऊन आलेल्या प्रत्येकापाशी तीच काळजी घ्यावी लागते, आणि ती सवय साथ नसतानाच लावावी लागते. २०२०मध्ये आम्हाला ती कोणी लावलेली नव्हती. माझा राग त्यावर आहे.

एक विचारू? तुमच्या आईच्या वॉर्डात किट काढायला वेगळी जागा होती का, आणि काढताना कोणी लक्ष ठेवायचं का? त्या सांगतील तर त्यांचा अनुभव त्यांच्याच शब्दांत लेखात जोडते.