‘स्टॉप-लॉस काढून टाका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

‘स्टॉप-लॉस लावणं म्हणजे आपल्या हाताने पैसे देणं’ अशी सुरुवात असलेला मेसेज सगळीकडे फिरतोय. स्टॉप-लॉस म्हणजे भाव ठरलेल्या पातळीपर्यंत उलटा गेला की तोटा तिथेच थांबवून सौद्यातून बाहेर काढणारी, आधीच देऊन ठेवलेली ऑर्डर. काल तो भाच्याने मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मामा, मी सगळे स्टॉप काढले.’ त्याचे सौदे मार्जिनवर आहेत, म्हणजे थोडं भांडवल ठेवून त्याच्या कितीतरी पट मोठे घेतलेले, म्हणून हे तातडीने लिहितोय.

मेसेजमधले दावे चार. मोठे खेळाडू तुमचा स्टॉप हेरून उडवतात. विकलं नाही तोवर तोटा नाही. टार्गेट, म्हणजे नफा घेऊन बाहेर पडायचा भाव, छोटं ठेवलं की दहातले नऊ सौदे जिंकता येतात. आणि स्टॉप लावायचाच असेल तर सरसकट खरेदीच्या भावाखाली २ टक्क्यांवर लावा.

दुसरा दावा सगळ्यांत घातक, म्हणून तो आधी. तुमच्याकडच्या शेअरची किंमत आज बाजार देईल तीच. विकलं नाही म्हणून ती वाढत नाही. ५० टक्के पडलेल्या शेअरला मूळ भावावर यायला १०० टक्के चढावं लागतं, ८० टक्के पडलेल्याला ४०० टक्के. आणि मार्जिनवर तर वाट बघत बसायची सोयच नाही. भांडवलाच्या पाचपट सौदा घेतला असेल, तर भाव २० टक्के उलटा जाताच सगळं भांडवल साफ. त्याच्या आधीच ब्रोकर जादा मार्जिन मागतो आणि भरलं नाही तर सौदा कापून मोकळा होतो. कुठे बाहेर पडायचं हे मग तो ठरवतो, तुम्ही नाही.

आता ‘दहातले नऊ’. खरेदीच्या भावापासून टार्गेट १ रुपया वर आणि स्टॉप ९ रुपये खाली ठेवा. भावाला काहीही दिशा नसली तरी आधी टार्गेट लागण्याची शक्यता ९० टक्के असते. नऊ वेळा १ रुपया आला, एकदा ९ गेले, हातात शून्य. वर ब्रोकरेज खिशातून. म्हणजे यात कसब काहीच नाही. त्यातून स्टॉपही काढला, तर त्या दहाव्या सौद्याच्या तोट्याला तळच उरत नाही. जिंकलेले सौदे मोजून दाखवणारा माणूस हरलेल्या सौद्याचा आकार सांगत नसेल, तर त्याचं ऐकू नका.

स्टॉप उडवण्याच्या आरोपात अर्धं तथ्य आहे, ते मान्य करावं लागेल. अर्थतज्ज्ञ कॅरल ऑस्लर यांनी एका मोठ्या बँकेकडे आलेल्या चलन बाजारातल्या खऱ्या ऑर्डर तपासल्या. तो अभ्यास २००३ मध्ये ‘जर्नल ऑफ फायनान्स’मध्ये आला. टेक-प्रॉफिटच्या, म्हणजे टार्गेटला नफा घ्यायच्या, ऑर्डर गोल आकड्यांवर गर्दी करतात आणि स्टॉप-लॉस त्या आकड्यांच्या जरा पलीकडे, असं त्यात दिसलं. म्हणून भाव गोल आकड्याजवळ अनेकदा वळतो, पण तो ओलांडला की जोरात पळतो. तुमचा एकट्याचा स्टॉप कुणी हेरायची गरजच नाही, कारण सगळ्यांनी तो एकाच जागी लावलेला असतो. यावर उपाय जागा बदलण्याचा आहे. खरेदी ५२० ला असेल तर स्टॉप ४९९ वर चिकटवू नका. ज्या भावाला तुमचं खरेदीचं कारणच चुकलं असं ठरतं, तिथे लावा. टार्गेट ६०० ऐवजी ५९७ ठेवा.

स्टॉपची खरी उणीव मेसेजमध्ये आलेलीच नाही. भाव ट्रिगरला, म्हणजे स्टॉप लावलेल्या पातळीला, लागला की साध्या स्टॉपची मार्केट ऑर्डर होते, आणि पुढे मिळेल तो भाव घ्यावा लागतो. १५ जानेवारी २०१५ ला स्विस नॅशनल बँकेने युरोसाठी धरलेली १.२० फ्रँकची किमान पातळी अचानक सोडली. काही मिनिटांत युरो १ फ्रँकच्या खाली गेला आणि अनेकांचे स्टॉप लावलेल्या भावापेक्षा फार खाली सुटले. अशा दिवशी वाचतो तो सौदा छोटा ठेवणारा.

राहिले ते २ टक्के. जो शेअर रोजच ३ टक्के वरखाली होतो, तिथे २ टक्क्यांचा स्टॉप विनाकारण लागणार. आधी स्टॉपची जागा ठरवा, मग नग, म्हणजे किती शेअर घ्यायचे ते. भांडवल १ लाख आणि एका सौद्यात १,००० पर्यंतच तोटा सोसायचा असेल, तर ५२० ची खरेदी आणि ४९५ चा स्टॉप धरून ४० नग बसतात. स्टॉप ४८० वर न्यावा लागला तर २५ च घ्या.