सायकलला मोटर जरूर बसवा, पण त्या मेसेजच्या भरवशावर नको

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला सोसायटीच्या, ऑफिसच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर मिळून सात वेळा आला. सोबत दीड मिनिटाचा व्हिडिओ. मजकूर असा: ‘घरातली जुनी सायकल फक्त ५ हजारांत इलेक्ट्रिक करा. एका चार्जमध्ये १०० किलोमीटर. कितीही चढ असो, पायडल मारायची गरज नाही. चालवता चालवता बॅटरी आपोआप चार्ज होते. लायसन्स नको, पासिंग नको. कोणत्याही सायकलला एका तासात बसते.’

मी पुण्यात चार वर्षं मोटर बसवलेल्या सायकलने बावधनहून डेक्कनला कामावर जातो. ही सोय मला मनापासून आवडते, आणि रोजचं जाणं-येणं आठ-दहा किलोमीटरच्या आत असलेल्या प्रत्येकाने ती करून पाहावी असं वाटतं. म्हणूनच या मेसेजचा राग येतो. आमच्या सोसायटीत रात्रपाळीला असणारे सिक्युरिटीचे दादा शिवण्याहून सायकलने येतात. त्यांनी हाच व्हिडिओ पाहून पगारावर उचल घेतली आणि किट आणलं. चार महिन्यांत बॅटऱ्या निकामी झाल्या. आता तेच दादा सगळ्यांना सांगतात की इलेक्ट्रिक सायकल म्हणजे फसवणूक. त्यांचं काय चुकलं? त्यांना जे सांगितलं गेलं ते चुकीचं होतं.

आधी ५ हजारांचं बघू. एवढ्या पैशांत २४ व्होल्ट, २५० वॉटची चेनवर चालणारी मोटर, तिला जाणारी वीज कमी-जास्त करणारा कंट्रोलर, रेस देण्याची मूठ आणि एक जास्तीचं फ्रीव्हील मिळू शकतं. बॅटरी त्यात नसते. असलीच तर यूपीएसमध्ये असतात तशा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या दोन लेड-ॲसिड बॅटऱ्या. दादांच्या कॅरिअरवर याच होत्या. कागदावर त्यात १६८ वॉट-तास वीज मावते. पण ही बॅटरी सावकाश वापरण्यासाठी बनलेली असते. भर ओढीला मोटर बारा-तेरा अँपिअर मागते तेव्हा जवळपास निम्मी वीज हाती लागतच नाही. राहिली ऐंशी-नव्वद. दादांचं एकेरी अंतर आठ-नऊ किलोमीटर, त्यात वारज्याकडून चांदणी चौकाचा चढ. म्हणजे रोज बॅटरी तळापर्यंत उपसली जात होती, आणि लेड-ॲसिडला त्याइतकं वाईट दुसरं काही नाही. चार महिने टिकली हेच खूप.

रोजच्या वापराला लिथियमचाच पॅक हवा. माझा ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासांचा, म्हणजे ३६० वॉट-तासांचा आहे. तो एकटाच १२ हजारांना पडला. मोटर, कंट्रोलर, चार्जर वेगळे.

आता १०० किलोमीटर. हे आकडे कुणीही घरी मांडून बघू शकतो. माणूस, सायकल, डबा-बॅग मिळून १०० किलो धरू. सपाट रस्त्यावर ताशी २० च्या वेगाला हवेचा आणि टायरचा विरोध तोडायला चाकापाशी साधारण ११० वॉट लागतात. मोटर-कंट्रोलरमधली गळती धरली तर बॅटरीतून दीडशेच्या आसपास जातात. म्हणजे किलोमीटरला सात-साडेसात वॉट-तास. सिग्नलला थांबणं, पुन्हा उचलणं, समोरचा वारा, कमी हवेचे टायर हे सगळं जमेला धरलं की दहा होतात. नुसत्या मोटरवर १०० किलोमीटर जायचं तर १ हजार वॉट-तासांची बॅटरी हवी. माझ्या पॅकच्या भावाने ती ३३ हजारांची होते. माझ्या ३६० वॉट-तासांवर पायडल न मारता ३५ किलोमीटर होतात, बरोबरीने पायडल मारलं तर ५० च्या पुढे. शहरातल्या नोकरदाराला एवढं भरपूर आहे. खोटा शंभराचा आकडा लावायची गरजच काय?

‘पायडल मारायची गरज नाही’ हे वाक्य सगळ्यात जास्त नुकसान करतं. सपाटीवर ते चालून जातं. पण १०० मीटरला ६ मीटर चढणारा रस्ता घ्या. ताशी १५ ने तो चढायला चाकापाशी ३०० वॉटहून जास्त लागतात. २५० वॉटची मोटर एकटी ते सलग देऊ शकत नाही. वेग आठ-नऊवर येतो, आणि मोटर जितकी हळू फिरेल तितकी वीज चाकाऐवजी तिच्या तारा तापवण्यात जाते. कोथरूड डेपोकडून चांदणी चौकाकडे चढताना पहिल्या उन्हाळ्यात मी पाय नुसते टेकवून बसायचो. वर पोचल्यावर मोटरला हात लावून बघितला तर चटका बसला. आता त्याच चढाला खालचा गिअर टाकतो आणि माझ्या पायांचे ८०-९० वॉट देतो. साधा माणूस दमून न जाता तेवढे सहज देतो. उरलेलं मोटर बघते. घामाघूम न होता वर येतो, मोटरही कोमट राहते. सायकलच्या मोटरची खरी जागा ही आहे: चढाला, वाऱ्याला आणि सिग्नलवरून उचलताना पायाला साथ द्यायची.

आपोआप चार्जिंगचं तर लगेच निकालात काढता येतं. हब मोटर म्हणजे चाकाच्या मध्यभागीच बसणारी मोटर. किटमधल्या बहुतेक छोट्या हब मोटरींच्या आत गिअर असतात आणि एकाच दिशेने पकडणारा क्लच असतो. रेस सोडली की चाक मोकळं फिरतं, मोटर थांबते. थांबलेली मोटर वीज कुठून करणार? बिनगिअरची मोठी हब मोटर ब्रेक लावताना थोडी वीज परत देऊ शकते, कंट्रोलरमध्ये तशी सोय असेल तर. ती किती? १०० किलोचं ओझं ताशी २५ वरून थांबवलं तर त्यात एकूण ०.६७ वॉट-तास ऊर्जा असते. ती सगळीच्या सगळी परत मिळाली, जी कधीच मिळत नाही, तरी सायकल ६५-७० मीटर पुढे जाईल. लांब उतारावर जास्त मिळते, पण ती चढताना खर्च केलेल्यातलीच. व्हिडिओत मागच्या चाकाला डायनामो जोडलेला दाखवलाय. लहानपणी टायरला बाटलीसारखा डायनामो टेकवून ज्यांनी रात्री सायकल हाणली आहे, त्यांना आठवेल सायकल किती जड व्हायची. त्या दिव्याला जेमतेम ३ वॉट लागायचे.

मेसेजच्या एका रूपात ‘४ रुपयांत चार्ज’ असंही आहे. ते खरं आहे. माझा पॅक भरायला अर्ध्या युनिटच्या आत वीज लागते. फक्त बॅटरीची झीज त्यात धरलेली नसते. १२ हजारांचा पॅक ५०० वेळा पूर्ण भरला आणि दर वेळी ३० किलोमीटर चालला, तर किलोमीटरला ८० पैसे बॅटरीचे होतात आणि १५ पैशांच्या आसपास विजेचे. पेट्रोल लिटरला शंभरच्या पुढे असताना स्कूटरला दोन रुपयांहून जास्त पडतात. खरा हिशेब मांडूनही सायकलच जिंकते.

लायसन्सचं अर्धसत्य आहे, आणि ते अंगाशी येणारं आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम २(यू) सांगतो की मोटरची अर्ध्या तासाची सलग शक्ती २५० वॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ पेक्षा कमी, बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत, योग्य ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर असं सगळं असेल तर ते वाहन मोटार वाहनात धरलं जात नाही. आणखी एक अट आहे, जी किट विकणारे कधी सांगत नाहीत: हे सगळं मान्यताप्राप्त तपासणी संस्थेने तपासलेलं असलं पाहिजे. आपल्या वेताळ टेकडीवरची एआरएआय ही त्यांतलीच एक. घरी जोडलेल्या सायकलला असं प्रमाणपत्र नसतं, हे माहीत ठेवूनच किट घ्या, आणि निदान शक्ती आणि वेगाची मर्यादा ओलांडू नका. त्याच व्हिडिओत पुढे ‘५०० वॉट, ताशी ४५’ वालं किट दाखवलंय. ते बसवलं की कायद्याच्या नजरेत तुम्ही नोंदणी आणि विमा नसलेली मोटारसायकल चालवता. उद्या कुणाला धक्का लागला तर भरपाई तुमच्या खिशातून.

‘कोणत्याही सायकलला, एका तासात’ हे मला सगळ्यात जास्त भीतीदायक वाटतं. हब मोटर चाक पुढे ढकलते तेव्हा तिचा आस तेवढ्याच जोराने उलटा फिरू बघतो. ३०-३५ न्यूटन-मीटरचा पीळ, आणि तो अडवायला चाक धरणाऱ्या चिमट्याच्या खाचेत आसाच्या चपट्या बाजूंची जेमतेम १० मिलिमीटरची पकड. हिशेब केला तर खाचेच्या कडांवर ३०० किलोच्या आसपास जोर येतो. पहिल्या वर्षी माझा आस खाचेत फिरला आणि मोटरची वायर पिळून तुटली. सुदैवाने सिग्नलवरून नुकताच निघालो होतो. त्यानंतर पीळ धरणारी लोखंडी पट्टी बसवली, जी पहिल्याच दिवशी लागायला हवी होती. ॲल्युमिनियमच्या किंवा शॉकॲब्सॉर्बरवाल्या चिमट्यात पुढची हब मोटर बसवूच नका. ॲल्युमिनियम वाकत नाही, सरळ तुटतं.

आणि ब्रेक. जुनी काळी, रॉड ब्रेकची, स्टीलच्या रिमची सायकल ताशी बारा-पंधरासाठी बनलेली आहे. जुलैच्या पावसात ओल्या स्टीलच्या रिमवर रबर नुसतं घसरतं. त्या सायकलला ताशी २५ चा वेग देणं म्हणजे माणसाला धोक्यात घालणं. आधी ॲल्युमिनियमची रिम आणि चांगले ब्रेक, मग मोटर. पावसासाठी आणखी एक: मोटरची वायर आसाकडे जाण्याआधी खाली झोळ देऊन बांधा, म्हणजे पाणी त्या झोळावरून ठिबकतं, आत शिरत नाही.

चार्जरही बदलू नका. ३६ व्होल्टचा लिथियम पॅक ४२ व्होल्टला पूर्ण भरतो. लेड-ॲसिडचा त्याच नावाचा चार्जर ४३-४४ पर्यंत चढवतो, म्हणजे पॅक मर्यादेपेक्षा जास्त भरतो आणि पेटू शकतो. जिन्याखाली, बाहेर पडायच्या वाटेवर रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नका.

दादांची सायकल गेल्या महिन्यात आम्ही चौघांनी मिळून उघडली. लेड-ॲसिड बॅटऱ्या भंगारात दिल्या, वर्गणी काढून २४ व्होल्टचा लिथियम पॅक आणि त्याचाच चार्जर घेतला. मागची रिम बदलली. चढाला पायडल मारत राहायचं, हे त्यांना दोन दिवसांत जमलं. आता संध्याकाळी ड्यूटीवर येताना पॅकमध्ये निम्म्याहून जास्त वीज शिल्लक असते. येत्या रविवारी पुढच्या चाकाचा आउट काढायचा आहे आणि ब्रेकचे रबर बदलायचे आहेत.