पाल्याचा चहा

'काढा घेणार का?' असं विचारलं की पाहुणा लगेच 'नको, मला बरंय' म्हणतो. तेच पाणी 'हर्बल टी' म्हणून पुढे केलं की मांडी ठोकून बसतो. दोन्हींत चहाच्या झाडाचं एक पानही नसतं. तेव्हा मी याला चहाच म्हणणार, ज्यांना शास्त्र सांभाळायचंय त्यांनी काढा म्हणावं.

नाशकात पाल्याला तोटा नाही. परसात गवती चहा, कुंपणाला अडुळसा, नदीकडेच्या पडीक जागेत रानतुळस. अडचण आहे ती ओळखण्याची. मोबाईलवर शिकलेल्यांना एक नियम पाठ असतो: दांडा चौकोनी, पानं समोरासमोर आणि चुरगळल्यावर वास आला, म्हणजे तुळशी-पुदिन्याचं कूळ, बिनधास्त तोडा. हा नियम घाणेरीला कुणी कळवलेला नाही. तिचाही दांडा चौकोनी, पानं समोरासमोर आणि वास तर नावातच आहे. दांड्यावरून बोट फिरवा, बारीक काटे लागतील. पानही खरखरीत असतं. ती खाऊन गुरांचं यकृत बिघडतं, आणि गुरांकडे निदान पोटाचे चार कप्पे असतात. नावानिशी ओळखता येत नाही ते पान तोडायचंच नाही, इथे माझ्याकडे सवलत नाही.

गवती चहाचीही भावंडं फसवी. पातं चुरगळून हुंगावं. लिंबाचा वास आला तर घ्या; डास पळवायच्या अगरबत्तीची आठवण झाली तर ते दुसरं गवत आहे, तिथेच राहू द्या. पात्याची कड कागदासारखी बोट कापते, म्हणून कात्रीच हवी. चार बोटं बुंधा ठेवून कापला की पुन्हा फुटतो.

"मावशी, चार पाती घेऊ का?"

"घ्या की काका, पण मागच्यासारखं मुळासकट नको."

आणि नाशिककरांसाठी खास: द्राक्षबागेच्या बांधावरची तुळस कितीही टवटवीत दिसो, हात लावू नका. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी आणि भुरी या बुरशीच्या रोगांसाठी फवारण्या सुरू होतात, आणि फवारणीचा तुषार बांध बघून थांबत नाही. पानावरचे निळसर डाग म्हणजे बोर्डो, अर्थात मोरचूद आणि चुना. 'धुतलं की जातं' हे आंतरप्रवाही औषधांना लागू नाही, ती पानाच्या आत शिरलेली असतात. हमरस्त्याच्या कडेचा पाला धुळीसाठी सोडावा आणि विजेच्या खांबाजवळचा कुत्र्यांसाठी.

तोडायची वेळ सकाळची, दव उडाल्यावर आणि ऊन तापायच्या आत. तुळस मंजिरी धरण्याआधी, शेंड्याकडची वीतभर. नेमकी हीच वेळ फिरायला निघालेल्या मंडळींची. दुसऱ्याच्या कुंपणापाशी पिशवी घेऊन वाकलेला माणूस दिसला की प्रत्येक जण थांबून 'शुगरसाठी का?' विचारतो, आणि उत्तराची वाट न बघता स्वतःचा उपाय सांगून जातो.

खरा छळ वाळवण्यात. हिरव्या पानात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं, म्हणजे पिशवीभर आणलेल्या अर्धा किलो पाल्याचा वाळून जेमतेम शंभर ग्रॅम होतो. उन्हात टाकला तर रंग जातो आणि पानातल्या ज्या सुगंधी तेलासाठी हा खटाटोप, तेच उडतं. हिरवा बेदाणाही शेडमध्ये सावलीतच वाळतो, हे द्राक्षाच्या जिल्ह्यात वेगळं सांगायला नको. पानं धुऊन, झटकून, जुन्या धोतरावर एकेरी पसरावीत. वर्तमानपत्रावर नको, शाई लागते. गवती चहाचे आधीच बोटाच्या पेराएवढे तुकडे करावेत, अख्खं पातं बुडाशी ओलं राहतं. पंखा एकवर, तीनवर ठेवला की पाला सोफ्याखाली, आणि तिथून केराच्या सुपलीत. वरून दुसरं पातळ फडकं टाकलं की हा प्रश्न मिटतो. नाशिकच्या कोरड्या थंडीत चार दिवस पुरतात. श्रावणात चाळीसही पुरणार नाहीत, पाला वाळण्याआधी बुरशी धरतो.

वाळला कधी म्हणायचं? पान चुरचुरलं म्हणजे झालं असं नाही, देठ काडकन मोडला पाहिजे. मग काचेच्या बरणीत एक रात्र ठेवावा. सकाळी आतून काचेला दमटपणा दिसला तर पुन्हा धोतरावर.

उकळणं त्यामानाने सोपं, म्हणूनच तिथे हमखास माती होते. आपल्याला चहा खळाखळा उकळल्याशिवाय समाधान नाही. आलं, दालचिनी, गुळवेलीची कांडी अशा टणक गोष्टी उकळाव्यात, दहा मिनिटं. पानांना मात्र गॅस बंद केल्यावर पाण्यात सोडायचं आणि झाकण ठेवायचं, पाच ते सात मिनिटं. घरभर सुटलेल्या घमघमाटाचं कौतुक होतं, पण तो कपातून गेलेला असतो. एका कपाला वाळलेला चुरा एक लहान चमचा, ताजी पानं तिप्पट. पेरूची पानं जास्त वेळ ठेवली तर जीभ सुपारी खाल्ल्यासारखी आखडते. अडुळशाचं एक पान पुरे, दोन घातली तर पातेलं कडू. आणि गरोदर बाईला अडुळसा द्यायचाच नाही.

२०२० साली आयुष मंत्रालयाने काढ्याचं प्रमाण दिलं होतं: तुळस ४ भाग, दालचिनी २, सुंठ २, काळी मिरी १. 'जास्त म्हणजे जास्त गुणकारी' या हिशेबाने मिरी तुळशीच्या बरोबरीला गेली की तो काढा राहत नाही, घशाला शिक्षा होते.

दुधाचं विचारू नका. गवती चहात चालतं, अंबाडीच्या लाल बोंडांच्या चहात घातलं तर पनीर होतं.

बरणी अंधारात, घट्ट झाकणाची, आणि वर नाव आणि तारखेची चिठ्ठी. वाळलेला पाला सगळा एकाच रंगाचा दिसतो आणि फोडणीच्या घाईत त्याला कसुरी मेथी समजलं जातं. आमटीतून लिंबाचा वास यायला लागला, की चिठ्ठी लावायची राहून गेलेली असते.