जर्मनीतल्या रेगन्सबुर्गमधल्या आमच्या खाऊफेरीबद्दल तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय दोनदा वाचला. दोन तारे दिलेत आणि कारणंही स्पष्ट लिहिलीत. सासूबाई शुद्ध शाकाहारी आहेत हे आधी सांगूनही त्यांच्या पुढ्यात डुकराचं मांस असलेलं सूप आलं. अनोळखी लोकांच्या बाकावर दाटीवाटीनं बसून खावं लागलं. साध्या पाण्याचे पैसे पडले. शेवटी सासूबाईंनी बिअरच्या बागेत घरचा चिवडा खाऊन वेळ मारून नेली.

सूपाचं आधी बोलते, कारण ती चूक माझीच आहे. बुकिंग करताना तुम्ही ‘अंडंसुद्धा चालत नाही’ असं लिहिलं होतं. बटाट्याचं सूप मागवताना मी वाढणाऱ्याला विचारलं, यात मांस आहे का? तो नाही म्हणाला, आणि त्याच्या समजुतीप्रमाणे तो खोटं बोलला नाही. इथे मांस म्हणजे ताटात वेगळा दिसणारा तुकडा. श्पेक, म्हणजे खारवून धुरी दिलेलं डुकराचं चरबीदार मांस, हे आपल्याकडच्या फोडणीसारखं कशातही पडतं आणि कुणी त्याची गणती मांसात करत नाही. अकरा वर्षं इथे राहून मला हे माहीत आहे, म्हणून दोष त्या मुलाचा नाही. श्पेक आहे का, डुकराची चरबी आहे का, सूपाचं पाणी मांस-हाडं उकळून केलंय का, असे तीन प्रश्न मी विचारायला हवे होते. आजींनी, म्हणजे तुमच्या सासूबाईंनी, चमचा डोळ्यांजवळ नेला, तो गुलाबी बारीक तुकडा पाहिला, चमचा हलकेच वाडग्यात ठेवला आणि तुमच्याकडे पाणी मागितलं. एक शब्द बोलल्या नाहीत. ते अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. त्या दिवशी मी फक्त सूपाचे पैसे परत केले, ते अगदीच अपुरं होतं.

आता हे तीन प्रश्न जर्मनमध्ये लिहिलेलं कार्ड मी जवळ ठेवते आणि ते थेट स्वयंपाकघरात दाखवते. शिवाय बुकिंगच्या वेळीच खरं सांगायला लागले आहे: अंडंही न खाणाऱ्यांसाठी इथल्या जुन्या पद्धतीच्या जेवणघरांत फार थोडं उरतं. आंबवलेला कोबी शाकाहारी वाटतो, पण तो बऱ्याचदा चरबीत शिजवतात. ब्रेत्सेल या गाठीसारख्या वळलेल्या पावाच्या कणकेतही काही बेकऱ्या चरबी घालतात. केझश्पेत्स्ले, म्हणजे चीज घातलेल्या मऊ शेवया, त्यांत अंडं असतंच. ओबाट्सडा हे पिकलेलं चीज, लोणी, कांदा आणि पाप्रिका (लाल मिरचीची सौम्य पूड) कालवून केलेलं लावण. आजींना ते आवडलंही असतं, पण चीज विरजायला वासराच्या पोटातलं रेनेट हे विरजण वापरलेलं असू शकतं. कुणाला ते चालतं, कुणाला नाही. ठरवायचं त्यांनी, मी फक्त आधी सांगायचं. तुम्हाला ते सांगितलं नव्हतं.

बाकाबद्दल मात्र माझं म्हणणं वेगळं आहे, आणि ते मनापासून सांगते. ‘एकही धड रेस्टॉरंट दाखवलं नाही’ असं तुम्ही लिहिलंत. ही फेरी मी ज्या जागांसाठी सुरू केली, त्या अशाच आहेत. दगडी पूल ११३५ ते ११४६ या काळात बांधला गेला. त्याच्या पायथ्याशी, मिठाच्या जुन्या कोठाराशेजारी वुर्स्टकुखल हे सॉसेजचं जुनं, छोटं खाणावळघर आहे. आत मोजकीच टेबलं मावतील एवढीच जागा, बाकीचे सगळे डॅन्यूबच्या काठी बाकांवर. कोळशावर भाजलेले बोटाएवढे सॉसेज, कोबी आणि गोडसर मोहरी. आतल्या भिंतीवर पुराच्या पाण्याच्या खुणा आहेत. जून २०२४ मध्येही नदी वर चढली होती, ते पाणी मी स्वतः पाहिलंय. अशा जागी कोण कुणाचं अनोळखी? जागा दिसली की ‘इथे बसू का’ विचारायचं आणि बसायचं, आपल्या जुन्या खानावळीत बसतात तसं. तुमच्या शेजारचे आजोबा तुमच्या मुलाला मोहरी कशी लावायची ते दाखवत होते, आठवतं ना? पांढऱ्या कापडाचं टेबल मी देऊ शकते, पण मग रेगन्सबुर्ग मागे राहतं. आजींच्या गुडघ्यांचा विचार मी करायला हवा होता, तेवढं मान्य. पाठ नसलेल्या बाकावर वयस्कर माणसाला तासभर बसवणं बरोबर नाही.

पाण्याचं थोडक्यात: नळाचं पाणी उत्तम असतं, पण इथे ते न मागता कुणी आणून देत नाही, आणि मागितलं तरी सगळीकडे मिळेलच असं नाही. बाटली येते ती विकतची, बहुतेक वेळा गॅसची. निघतानाच सांगून टाकलं तर प्रश्न येत नाही. आता सांगते, आणि साध्या पाण्याच्या बाटल्या मी जवळ ठेवते.

राहिला चिवडा. पुलापलीकडे श्टाट्आमहोफ या भागात श्पिटालची बाग आहे, तीच ती बिअरची बाग, तिथली ब्रुअरी १२२६ पासूनची. अशा बागांमध्ये, जिथे टेबलावर कापड घातलेलं नाही तिथे, पेय त्यांचं घ्यायचं आणि खाणं घरून आणायचं, ही बव्हेरियातली, म्हणजे जर्मनीच्या या प्रांतातली, जुनी रीत आहे. १८१२ साली राजा मॅक्सिमिलियन पहिला यानं म्युनिकच्या बिअरवाल्यांना बिअर साठवायच्या तळघरांवर ती विकायची मुभा दिली, पण जेवण विकायला मनाई केली. तेव्हापासून लोक डबा घेऊन येतात. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनीही डब्यातून मुळा आणि पाव काढला होता. आजी डबा उघडताना संकोचल्या, कारण ही रीत मी आधी सांगितली नव्हती. सांगितली असती तर तुम्ही थालीपीठ, दशम्या, लोणचं असा डबा नीट भरून आणला असता, आणि चेस्टनटच्या सावलीत तेच त्या दिवसाचं खरं जेवण झालं असतं. आता बुकिंग पक्कं होताच मी डब्याबद्दल कळवते.

चौघांचे पूर्ण पैसे आज सकाळी परत पाठवले आहेत, दोन-तीन दिवसांत खात्यात दिसतील. अभिप्राय बदलावा असं मी म्हणणार नाही, जे घडलं तेच तुम्ही लिहिलंय. आजींची माफी मला स्वतः मागायची आहे. त्यांना चालत असेल तर त्यांची सवडीची वेळ कळवा, मी फोन करेन.