बीटल्सची गाणी म्हणे प्रोफेसरने लिहिली!

"बीटल्स हा बँड लंडनच्या टॅविस्टॉक इन्स्टिट्यूटने अमेरिकेतली तरुण पिढी बिघडवायला उभा केला, त्यांची सगळी गाणी ॲडॉर्नो नावाच्या जर्मन प्रोफेसरने लिहिली, किंचाळणाऱ्या पोरी भाड्याने आणलेल्या, आणि त्या चौघांना तर नोटेशनही वाचता येत नव्हतं." हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. (टॅविस्टॉक ही समाज आणि मानसशास्त्रावर संशोधन करणारी संस्था.) आता तो माझ्या भाच्यापर्यंत पोचलाय, गिटार शिकतोय तो, आणि विचारतो मावशी हे खरं आहे का. म्हणून लिहितेय.

आधी ॲडॉर्नो. माणूस खरा आहे, फ्रँकफर्टचा तत्त्वज्ञ. पॉप गाणी म्हणजे एकाच साच्यातून काढलेला माल, अशी टीका त्याने 1941 मध्येच लिहून ठेवली होती आणि शेवटपर्यंत त्याचं मत काही बदललं नाही. तो लपूनछपून दोनशेच्या आसपास पॉप गाणी लिहून देईल?

बरं तेही सोडा. जानेवारी 1969 मध्ये बँड नवीन गाणी बसवत असताना कॅमेरे सतत चालू होते, जवळपास 60 तासांचं शूटिंग आहे, आणि त्यावरून पीटर जॅक्सनने केलेली डॉक्युमेंटरी 2021 पासून कोणालाही बघता येते. 7 जानेवारीला चौघांपैकी जॉन अजून आलेला नाही, जॉर्ज जांभया देतोय, आणि पॉल बास गिटारवर काहीतरी खाजवत बसलाय, शब्द नाहीत, नुसतं गुणगुणणं, आणि दोन-चार मिनिटांत 'गेट बॅक'ची चाल आपल्या डोळ्यांसमोर तयार होते. दुसरीकडे जॉर्ज 'समथिंग'च्या एका ओळीत अडकलाय, पुढचा शब्दच सुचत नाही, तर जॉन त्याला सांगतो की तोपर्यंत फ्लॉवर म्हण, भाजीतला फ्लॉवर, खरा शब्द येईल मागाहून. तयार गाणी हातात असलेली माणसं अशी अडकत नाहीत हो.

आणि मला खरा राग कशाचा येतो तर नेमकं ॲडॉर्नोलाच निवडण्याचा. वडील जन्माने ज्यू म्हणून नाझींनी 1933 मध्ये त्याचा शिकवण्याचा हक्क काढून घेतला, त्याला देश सोडावा लागला. पडद्यामागचा ज्यू तुमची पोरं बिघडवतोय, ही नाझींचीच जुनी बोंब आहे. फॉरवर्ड करणाऱ्याला हे माहीतही नसतं.

भाड्याच्या पोरी? कॅपिटल या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीने जाहिरातीवर पैसा ओतला, स्टिकर वाटले, हे मान्य. पण त्याच कॅपिटलने 1963 मध्ये त्यांची गाणी अमेरिकेत काढायला नकार दिला होता, मग छोट्या कंपन्यांनी काढली आणि ती पडली. त्याआधी लंडनमध्ये डेक्का या रेकॉर्ड कंपनीने त्यांना नापास केलेलं. एवढी ताकदवान योजना होती तर हे कसं झालं? आणि बीटल्स 7 फेब्रुवारी 1964 ला न्यूयॉर्कला उतरले तेव्हा त्यांचं गाणं तिथे आधीच नंबर एकवर होतं.

नोटेशन वाचता येत नव्हतं हे खरं. मग काय? ऐकून, समोर बसून शिकणं आपल्याला नवीन आहे का? जॉर्ज 1966 मध्ये रविशंकरांकडे सतार शिकायला मुंबईत आलाच होता.

राहिली अमेरिका बिघडवायची गोष्ट. त्यांच्या पहिल्या एलपीतल्या 14 गाण्यांपैकी 6 दुसऱ्यांची आहेत आणि ती सहाही अमेरिकन. लिव्हरपूलची पोरं चक बेरी आणि लिटल रिचर्ड या अमेरिकन गायकांच्या रेकॉर्डी घासून घासून शिकली आणि अमेरिकेचंच संगीत अमेरिकेला परत ऐकवलं.