लेटेक्स-फ्री लिहिलंय म्हणजे झालं, असं नाहीये हो

सकाळपासून तीन ग्रुपवर एकच फॉरवर्ड फिरतोय, इथल्या, म्हणजे इंदूरच्या, रामबागेतल्या मावशीपासून बडोद्याच्या आतेभावापर्यंत सगळ्यांनी पाठवलाय. रबराने खाज म्हणजे लेटेक्सची अ‍ॅलर्जी, म्हणून लेटेक्स-फ्री घ्या, नवीन वस्तू ब्लीचच्या पाण्यात बुडवा, तासभर वापरून काही झालं नाही तर बिनधास्त वापरा.

अरे बाबांनो, लेटेक्सची अ‍ॅलर्जी असते ती रबराच्या चिकातल्या प्रोटीनची. ती मिनिटांत उठते, अंगावर गांधी, शिंका, कधी श्वास अडकतो, म्हणजे ती काही साधी नाही. पण आपल्यापैकी बऱ्याच जणांना छळतात ती रबरातली वेगळीच केमिकल मंडळी, थायुराम, कार्बामेट, मर्कॅप्टोबेन्झोथायाझोल (मला हे नाव पाठ करायला आठवडा लागला!), गंधक घालून रबर पक्कं करताना काम लवकर व्हावं म्हणून ही टाकतात (म्हणून यांना अ‍ॅक्सिलरेटर म्हणतात) आणि थोडी मालात उरतात. बहुतेक नायट्राइलच्या (कृत्रिम रबराच्या) हातमोज्यांतही यातलं काही ना काही असतंच. मी भांडी घासायला मुद्दाम लेटेक्स-फ्री आणले होते, मनगटापर्यंत फोड आले. आता विनाइलचे वापरते, नायट्राइलच हवे तर पाकिटावर 'अ‍ॅक्सिलरेटर-फ्री' बघून घ्या.

तासाभराची टेस्ट तर विसराच. या केमिकलची अ‍ॅलर्जी एक-दोन दिवसांनी वर येते, म्हणून तर पॅच टेस्टमध्ये संशयित केमिकल लावलेल्या पट्ट्या पाठीवर 48 तास ठेवतात आणि 72 ते 96 तासांनी परत बघतात. चप्पल राजवाड्यावरून आज घेतली, खाज परवा सुटली, आणि दोष सराफ्यात खाल्लेल्या गराडूला (तळलेल्या कंदाला)!

ब्लीच? काही इलास्टिकमधल्या कार्बामेटपासून ब्लीचमुळेच अ‍ॅलर्जी आणणारा नवा पदार्थ बनतो, मग कमरेवर लाल पट्टा. म्हणजे उपायच उलटा.

फॉरवर्डच्या खाली कोणीतरी 'लेदर घ्या' लिहिलंय, ते अर्धंच बरोबर, कारण लेदरच्या बुटातही तळ अनेकदा रबराच्या गोंदाने चिकटवलेला असतो आणि लेदर कमावताना वापरलेलं क्रोमियमही काहींना बाधतं.

आणि मावशी, हवाई चप्पलच्या पट्ट्यांखाली तुझ्या पायावर पांढरे डाग पडलेत ना, ते काही वेळा रबरातल्या केमिकलनेही पडतात, म्हणून कोड कोड करत बसू नकोस, स्किनच्या डॉक्टरांना दाखव. जाताना ती चप्पल पिशवीत टाक, गरज वाटली तर तिचाच तुकडा कापून पाठीवर लावून बघतात. आणि पाठीला ती स्टिरॉइडची ट्यूब चोळून जाऊ नकोस, टेस्टमध्ये असलेली अ‍ॅलर्जीही कदाचित दिसणार नाही.